चार ड्राफ्ट, एकच खिडकी

कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या खरेदी विभागात होतो तेव्हाची गोष्ट. गटारीवरच्या बिडाच्या झाकणांची निविदा उघडायची होती. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असा फाउंड्र्यांचा पट्टा उशाला, तरी पाकिटं आली चारच.

दर चौघांचे वेगळे, पण सगळ्यात कमी दरसुद्धा आमच्या अंदाजाच्या बराच वर. बयाण्याचे ड्राफ्ट नोंदवताना मी थबकलो. बँकेची शाखा एक, तारीख एक आणि नंबर ओळीनं. शिपाईमामा डोकावून म्हणाले, "आयला, चारी एकाच खिडकीवरनं काढल्यात की सायेब!" मग अर्ज नीट वाचले. 'टिकाऊ' हा शब्द चौघांनीही 'टीकावु' लिहिलेला.

वरिष्ठ म्हणाले, "कमी दराला द्या आणि मोकळे व्हा." पण कुणाचा दर कमी लागायचा हे आधीच ठरलं असेल, तर तो कमी कशाच्या मानानं?

त्या रात्री स्पर्धा कायदा, 2002 वाचला. निविदेतलं संगनमत कलम 3 मध्ये स्पष्ट येतं. दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते, आणि तेही संगनमत चाललेल्या प्रत्येक वर्षासाठी. शिवाय टोळीतला जो आधी येऊन सगळं सांगेल त्याला दंडात सवलत. आपसात फूट पाडायची ही युक्ती मला फार आवडली.

खटकलं ते वेगळंच. तीन वर्षांचा सरकारी पुरवठ्याचा अनुभव आणि मोठी उलाढाल या अटी आमच्याच. लहान फाउंड्रीवाला तिथंच गळत होता. वर निविदेआधी बैठक बोलावून चौघांना एका टेबलाशी बसवून चहाही आम्हीच पाजला होता!

स्पर्धा आयोगाला कळवायचं टिपण मी लिहिलं. ते फायलीतच राहिलं. फेरनिविदेला मात्र मंजुरी मिळाली. अटी सैल केल्या, बैठक रद्द, शंका लेखी घ्यायच्या ठरल्या. या खेपेला नऊ पाकिटं आली. दर किलोमागे 12 रुपयांनी उतरला.

नऊंत आधीच्या चौघांपैकी दोघं होते. त्यांचेही दर खाली आलेले. मधल्या दोन महिन्यांत बिडाचा कच्चा माल असलेलं भंगार मात्र महागलं होतं.