नागासाकीचे आठ तास: योकोहामा ते कीलुंग जहाजप्रवासाचा वृत्तांत

आमचे जहाज नागासाकीच्या धक्क्याला सकाळी नऊला लागणार आणि सायंकाळी पाचला सुटणार, म्हणजे हाती आठ तास, असे माहितीपत्रकात छापलेले होते. प्रत्यक्षात आम्हा उभयतांना त्या शहरात दोन तास चाळीस मिनिटे मिळाली. नोव्हेंबरमध्ये योकोहामाहून निघून कोबे, कागोशिमा, बुसान आणि नागासाकी करत तैवानमधील कीलुंगला उतरण्याच्या या सात रात्रींच्या सफरीत चांगले असे बरेच काही होते. परंतु हा नागासाकीचा हिशेब आधी मांडला नाही, तर पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगाचे मी फारसे काही लिहिले असे म्हणता येणार नाही.

आम्ही वसईचे आहोत आणि नागासाकीला जाण्याचे आमचे कारणही वसईचेच होते. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे आधी व्यापारानिमित्त जपानमध्ये वावरले, तेथील भाषा शिकले, पुढे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून जपानला परतले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईतील महाविद्यालयाच्या पाटीवर ज्यांचे नाव आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो, त्यांच्या अखेरच्या जागी एकदा उभे राहावे, एवढ्यासाठी ही सफर निवडली होती. कोबे किंवा बुसानचा दिवस हुकला असता, तर मी एवढा चिडलो नसतो.

वेळ कोठे गेला, ते सांगतो. जहाज बुसानहून, म्हणजे कोरियाहून, आले होते. योकोहामाला जाण्यासाठी विमानतळावरून जपानमध्ये शिरताना आमची तपासणी झाली होती, परंतु बुसानला जाताना आम्ही जपानबाहेर पडलो होतो. त्यामुळे नागासाकीत प्रत्येक परदेशी प्रवाशाचा जपानमधील प्रवेश नव्याने व्हायचा होता. दोन्ही तर्जनींचे ठसे, छायाचित्र, पासपोर्टवर शिक्का, हे सर्व दोन हजारांवर माणसांचे. अधिकाऱ्यांचा यात काही दोष नाही. आमच्या खिडकीवरील काम एका मिनिटात आटोपले. दोष आहे तो हे सर्व ठाऊक असूनही ‘आठ तास’ छापणाऱ्यांचा. तपासणी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाली. आधी महागड्या केबिनवाले उतरले, त्यानंतर जहाजाकडून सहल विकत घेतलेले, आणि आमच्यासारखे स्वतःच्या पायांनी फिरणारे सर्वांत शेवटी. आमच्या टोकनाचा क्रमांक बारा वाजून दहा मिनिटांनी पुकारला गेला आणि धक्क्याच्या इमारतीतून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा एकला दहा मिनिटे उरली होती. परतण्याची अंतिम वेळ पाच नव्हे, तर चार होती. शिवाय सामान तपासणीच्या रांगेसाठी अर्धा तास हाताशी ठेवा, असे ध्वनिक्षेपकावरून दर वीस मिनिटांनी बजावले जात होते. म्हणजे साडेतीन.

यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, पूर्व आशियातील सफर निवडताना जहाजावरील जेवणघरे मोजू नयेत, बंदरांचा क्रम पाहावा. जपानची सर्व बंदरे सलग असतील, तर तपासणी एकदाच होते. मध्येच कोरिया किंवा तैवान घालून पुन्हा जपान येत असेल, तर परतीच्या त्या पहिल्या जपानी बंदरातील तीन तास सरळ वजा धरावेत आणि तेथे ठरावीक वेळेचे कोणतेही तिकीट आधी काढू नये. ज्या बंदरासाठी तुम्ही मुख्यतः निघाला आहात, तेच नेमके या जागी येत असेल, तर ती सफर घेऊ नये. आणि घेतलीच, तर त्या एका दिवसापुरती जहाजाची सर्वांत स्वस्त सहल विकत घ्यावी, कारण तिच्यामुळे रांगेत पुढचा क्रमांक मिळतो. एरवी मी अशा सहलींच्या विरोधात आहे. चार पैसे वाचवण्यासाठी आम्ही ती घेतली नाही आणि तीन तास गमावले, हे कबूल करायला हवे.

आता उरलेल्या वेळात काय जमते, ते पाहू. मात्सुगाए धक्क्यापासून ओउरा काइगानदोरी हा ट्रामथांबा चालत पाच-सात मिनिटांवर आहे. निशिझाकासाठी तेथून पाच क्रमांकाच्या ट्रामने शिनची चायनाटाउनला उतरावे आणि एक क्रमांकाची ट्राम पकडून नागासाकी स्थानकावर जावे. भाडे उतरताना, चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे असते. रोख देत असाल, तर शिनचीला उतरताना चालकाकडून बदलीचे तिकीट मागून घ्यावे, नाहीतर दुसऱ्या ट्रामचे भाडे पुन्हा पडते. आम्हाला ते पडले. स्थानकापासून टेकडी पाच मिनिटांच्या चढावर आहे. १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात सव्वीस कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत, त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, आणि मागे छोटे संग्रहालय आहे. यांतील गोन्सालो कोणते, असे तेथील बाईंना विचारले, तेव्हा त्या बाहेर आल्या आणि काही न बोलता मूर्तीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही तेथे पस्तीस मिनिटे थांबलो. त्याविषयी अधिक लिहिणे मला जमणार नाही.

परतीच्या वाटेवर देजिमा पाहिले, तेही धावत. पोर्तुगिजांना शहरापासून अलग ठेवण्यासाठी १६३६ मध्ये समुद्रात भराव घालून केलेले हे पंख्याच्या आकाराचे बेट १६४१ मध्ये डचांकडे आले आणि पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ जपानचा युरोपशी होणारा व्यापार याच एका जागेतून चालला. आज त्याच्याभोवती समुद्र उरलेला नाही. भराव पडत पडत ते शहराच्या पोटात गेले आहे. २०१७ मध्ये बांधलेल्या नव्या पुलावरून आत शिरावे, म्हणजे मूळ बेटाची कल्पना येते. तासभर पुरतो, आम्हाला अर्धाच मिळाला.

९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बचे संग्रहालय आणि शांतता उद्यान शहराच्या उत्तरेला उराकामीत, तर ओउरा चर्च आणि ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याचे १८६३ चे घर दक्षिणेला, अगदी धक्क्याच्या वरच्या अंगाला आहे. दोन्ही टोके एका दिवसात करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला तुम्ही कोणत्या बंदरातून आला होता, असे विचारावे. तीन तासांत उत्तर किंवा दक्षिण, एकच काहीतरी होते. आमचे उराकामी राहिले आणि त्याची खंत अजून आहे.

फसवणुकीचा दुसरा प्रकार नावांचा. माहितीपत्रकात प्रवासाचा आरंभ ‘तोक्यो’ असा छापलेला होता, जहाज योकोहामाहून सुटणार होते. एवढे आम्ही समजून होतो. सोल म्हणजे इंचॉन आणि बीजिंग म्हणजे दीडशेहून अधिक किलोमीटर दूरचे त्यानजिन, हेही या धंद्यात ठरलेलेच आहे. परंतु छायाचित्र होते ते योकोहामाच्या ओसानबाशी धक्क्याचे, त्याच्या त्या लाकडी, लाटेसारख्या छताचे, म्हणून आम्ही हॉटेल तेथून चालण्याच्या अंतरावर घेतले. आदल्या रात्री कळले की, आमचे जहाज योकोहामा बे ब्रिजखालून जाण्याइतके बुटके नाही आणि म्हणून ते दाइकोकु धक्क्याला लागलेले आहे. दाइकोकु हा मालवाहतुकीचा, निर्यातीच्या मोटारी उभ्या करण्याचा भाग आहे. तेथे पायी जाता येत नाही आणि रेल्वेही नाही. टॅक्सीचे सुमारे साडेचार हजार येन गेले. तिकीट काढण्यापूर्वी कंपनीकडून शहराचे नव्हे, धक्क्याचे नाव लेखी मागावे. योकोहामासारखी बंदरे कोणते जहाज कोणत्या दिवशी कोठे लागणार, याचे वेळापत्रक स्वतः प्रसिद्ध करतात. त्यावरून त्याच दिवशी दुसरे मोठे जहाज येणार आहे का, हेही कळते.

त्या हॉटेलमुळे एक गोष्ट मात्र पाहायला मिळाली. समोरचे यामाशिता उद्यान १९२३ च्या भूकंपातील ढिगाऱ्याचा भराव घालून केलेले आहे, आणि त्याच्या एका कोपऱ्यात घुमटाखाली एक पाणपोई आहे. भूकंपात योकोहामातील भारतीय व्यापारीही मृत्युमुखी पडले होते. वाचलेल्यांना शहराने जो आधार दिला, त्याच्या कृतज्ञतेपोटी भारतीय समाजाने ती बांधून दिली.

व्हिसाविषयी थोडक्यात सांगतो, कारण यात चूक झाली तर जहाजावर चढूच देत नाहीत. वर सांगितलेल्या कारणाने या मार्गासाठी जपानचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. दोन किंवा अनेक प्रवेशांचा मागावा आणि अर्जासोबत बंदरांचा क्रम जोडावा. आमच्या एजंटाने एकाच प्रवेशाचा अर्ज भरून ठेवला होता, तो आम्ही वेळेवर पाहिला म्हणून निभावले. कोरियाचा व्हिसा आम्ही मुंबईतूनच घेतला. तैवानचे प्रवेश-प्रमाणपत्र जपानी व्हिसाच्या आधारे ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळाले. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहावे; ‘जहाजावर सगळे होते’ या वाक्यावर विसंबू नये.

बुसानला लूट झाली, परंतु ती टाळता येण्यासारखी होती. मोठी जहाजे बुसान रेल्वे स्थानकाजवळच्या मुख्य टर्मिनलवर नव्हे, तर योंगदो बेटावरील क्रूझ टर्मिनलला लागतात, आणि तेथे मेट्रो नाही. नाम्पोदोंग या शहरातील बाजारभागापर्यंत जाण्यायेण्यासाठी जहाजाच्या शटल बसचे दरडोई १८ डॉलर, म्हणजे आम्हा दोघांचे ३६ डॉलर घेतले गेले. परतताना बस चुकल्याने टॅक्सी केली, तिला दहा हजार वॉनसुद्धा लागले नाहीत, म्हणजे सुमारे सात डॉलर. सरळ टॅक्सीच करावी. फक्त एक काळजी घ्यावी: टर्मिनलचे कोरियन लिपीतील नाव मोबाइलमध्ये छायाचित्र म्हणून ठेवावे. नुसते ‘क्रूझ’ म्हटल्यावर आमचा चालक स्थानकाजवळच्या टर्मिनलकडे निघाला होता आणि त्याचे बोट नकाशावर ठेवून त्याला वळवावे लागले. जागालची मासळीबाजार वसई-पाचूबंदरच्या माणसाला घरच्यासारखा वाटेल. दर मात्र आधी विचारून घ्यावा. ज्यांच्याकडे एकच फेरी आहे, त्यांनी गामचॉनच्या रंगीत घरांपेक्षा १९३४ चा योंगदो पूल पाहावा. कोरियन युद्धात ताटातूट झालेली निर्वासित कुटुंबे याच पुलाशी भेटण्याचे ठरवून दक्षिणेकडे निघत असत.

कोबे आणि कागोशिमा या दोन्ही ठिकाणी सर्व सुरळीत झाले, त्यामुळे लिहिण्यासारखे कमी आहे. कोबेला धक्क्याशीच पोर्ट लायनर या शहरी गाडीचे स्थानक आहे आणि शहराचा मध्यभाग सान्नोमिया काही मिनिटांवर. कितानोच्या चढावर जैन मंदिर आहे. मुंबईकरांनी एवढे लक्षात ठेवावे की, १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीने मुंबई-कोबे बोटसेवा सुरू केली, ती कापसासाठी, आणि जपानची ती पहिली दूरपल्ल्याची नियमित सागरी सेवा होती. कागोशिमाला धक्का शहरापासून दूर आहे, शटल घ्यावीच लागते. गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी येथेच उतरले. साकुराजिमा ज्वालामुखीची राख आम्ही गेलो त्या दिवशी वाऱ्याबरोबर शहरावर येत होती. चष्मा वापरणाऱ्यांनी पुसण्याचे कापड खिशात ठेवावे.

नागासाकी ते कीलुंग हा पट्टा नोव्हेंबरमध्ये हलतो. ईशान्येचा वारा सुरू झालेला असतो आणि पूर्व चीन समुद्रात मोठे जहाजही रात्रभर डोलते. उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, जेवणापूर्वी घ्यावी. घड्याळ कीलुंगला एक तास मागे न्यावे लागते; जपान आणि कोरियाची वेळ मात्र एकच आहे.

आणि मग कीलुंग. आठवडाभराच्या शटल बसा, टोकने आणि रांगांनंतर पश्चिमेकडील धक्क्यावरून सामान ओढत बाहेर पडलो, तर रेल्वे स्थानक समोर उभे होते. तपासणीस वीस मिनिटे लागली. तैपेईची लोकल पाऊण तासात पोहोचवते आणि तिचे भाडे आपल्या चहा-नाश्त्याच्या खर्चाहून जास्त नाही. त्या क्षणी मला जगातील सर्व बंदरे कीलुंगसारखी असावीत, असे वाटले. कदाचित तो निव्वळ थकवा असेल; तरीही ज्यांना निवड करता येते, त्यांनी सफरीचा शेवट येथेच होईल असा मार्ग घ्यावा आणि सामान स्थानकाच्या लॉकरमध्ये टाकून मंदिराभोवतालच्या म्याओकोउ बाजारात पोटभर खाऊनच पुढची गाडी पकडावी. या गावाला पावसाचे बंदर म्हणतात, ते उगाच नव्हे. छत्री पेटीत न ठेवता हातात घ्यावी.