पहिली लढत, आणि त्याआधीचा नकार

लढतीचा पहिला प्रस्ताव आला तेव्हा मी नाही म्हणाले आणि माझी विद्यार्थिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ज्यात ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालतं) पहिली हौशी लढत मिळावी म्हणून ती वर्षभर डोळे लावून बसली होती. तीन वर्षं माझ्याकडे ज्यूदो, त्यातली शेवटची दीड वर्षं जोडीला बॉक्सिंग आणि जमिनीवरच्या पकडी. मी मूळची ज्यूदोची. एमएमएच्या पिंजऱ्यात कुणाला उतरवायची माझीही ती पहिलीच वेळ, त्यामुळे शिकत दोघीही होतो.

लढतींच्या जोड्या लावणाऱ्या मॅचमेकरचा निरोप चार ओळींचा असतो. वजन, प्रतिस्पर्ध्याचा रेकॉर्ड, तारीख आणि शेवटी ‘उद्यापर्यंत कळवा’. या निरोपात वजन होतं 56.7 किलो. माझी विद्यार्थिनी 62 किलोची. समोरची सहा लढती खेळलेली, पाच जिंकलेली आणि मूळची कुस्तीगीर.

“ताई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?” तिने विचारलं.

विश्वास होता, पण लढत विश्वासावर घ्यायची नसते. ज्यूदोवाली समोरचीला वरून धरते, खांदा आणि मान पकडून फेकते. कुस्तीवाली खालून येते, थेट पट काढते. माझ्या मुलीचे हात जिथे पकड शोधतात तिथे ती पोरगी नसणारच होती, ती कमरेखाली शिरलेली असणार. त्यात पाच किलो वजन घटवून दमलेली माझी पोर. पहिल्याच लढतीत हरणं वाईट नसतं. पण तीन राउंड पाठीवर पडून राहिलेल्या मुलीला त्यातून शिकायला काहीच मिळत नाही, फक्त भीती मिळते.

तिला समजावताना मी रोंडा राउझीचं उदाहरण दिलं, कारण राउझी तिची लाडकी. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ज्यूदोचं कांस्य जिंकलेली राउझी. पुढे एमएमएत आल्यावर तिने मीशा टेटला दोनदा हरवलं, दोन्ही वेळा आर्मबारने, म्हणजे कोपराचा सांधा उलटा ताणून. मग नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला हॉली होल्मने राउझीला दुसऱ्या राउंडमध्ये डोक्यावर लाथ मारून झोपवलं. चारच महिन्यांनी टेटने पाचव्या राउंडमध्ये होल्मला मागून गळफास लावला आणि होल्म बेशुद्ध झाली. अ ने ब ला हरवलं, क ने अ ला, आणि ब ने क ला. मग तिघींत ‘चांगली’ कोण? प्रश्नच चुकीचा आहे. होल्म बॉक्सर होती, अंतर राखून बाजूला सरकायची, राउझी सरळ धावत आत यायची. टेट मात्र संधीची वाट बघत चार राउंड काढू शकायची. कुणाची सवय कुणाच्या सवयीला कशी भिडते, एवढाच प्रश्न असतो. पोरीने हे ऐकून घेतलं. पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसरा प्रस्ताव सहा आठवड्यांनी आला. वजन 61.2 किलो, म्हणजे नेहमीच्या जेवणात थोडी शिस्त आणली की जमणारं. समोरची दोन लढती खेळलेली, एक जिंकलेली, एक हरलेली. डावखुरी, किकबॉक्सिंगमधून आलेली. मी एक दिवस मागून घेतला आणि तिच्या दोन्ही लढतींचे व्हिडिओ बघितले.

व्हिडिओ बघताना मी आवाज बंद करते. प्रेक्षक आणि समालोचक कुठे ओरडतात त्यावरून आपलं मत नकळत बनतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीच्या क्षणी ओरडतात. जिंकलेली लढत मी एकदा बघते, हरलेली चार-पाचदा. ठोसा लागल्यावर माणूस काय करतो ते बघते. मागे सरकतो, मिठी मारतो, की रागाने परत मारतो? मागे सरकला तर सरळ रेषेत की वळून? राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याचे हात कुठे असतात? ही मुलगी मार लागला की सरळ मागे जात होती, थेट जाळीपर्यंत. जाळीला पाठ लागली की तिची लाथ निरुपयोगी, आणि माझ्या मुलीच्या पकडीला तीच जागा हवी. डावखुरीचा डावा हात आणि उजव्या कुशीत, यकृतावर येणारी डावी लाथ हा धोका होता. तरीही ही लढत दोघींना न्याय देणारी वाटली. हो कळवलं.

आणि मग माझ्या विद्यार्थिनीची आई हॉलवर आली.

काकू पूर्ण सराव संपेपर्यंत भिंतीशी बसून होत्या. फोनवर कुणीतरी त्यांना एक तुकडा दाखवला होता. पाठीवर पडलेला माणूस, वरून कोपराचे फटके, चेहराभर रक्त. “हा खेळ आहे का हो?” त्यांनी विचारलं. मी नेहमीची उत्तरं द्यायला लागले. नियम आहेत, रेफ्री आहे, डॉक्टर आहेत. हौशी लढतीत कोपर मारायची बंदी आहे, नडगीला पॅड असतात, ग्लोव्हज जाड असतात, तीनच मिनिटांचे तीन राउंड. त्या मान हलवत होत्या, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. मग मी ठरवलं की बचाव करायचा नाही, जसं आहे तसं सांगायचं.

1993 च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला यूएफसी या अमेरिकेतल्या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते. रेफ्रीला स्वतःहून लढत थांबवायचाही अधिकार नव्हता. एक तर खेळाडूने हार मानायची किंवा त्याच्या कोपऱ्यातून, म्हणजे प्रशिक्षकांकडून, टॉवेल यायचा. तो अधिकार नंतर जॉन मॅकार्थी नावाच्या रेफ्रीने आग्रह धरून मिळवला. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि 1996 मध्ये अमेरिकेच्या पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं लिहिली. मला विचाराल तर त्या वेळी ते चूक नव्हते. त्या दबावामुळेच न्यू जर्सीत 2000 साली नियमांची घडी बसायला लागली. न्यूयॉर्कने 1997 मध्ये घातलेली बंदी 2016 मध्ये उठली. त्या नोव्हेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनला यूएफसी झाली ती 12 तारखेला, पहिल्या स्पर्धेला बरोबर 23 वर्षं झाली त्या दिवशी. फोनवरचा तुकडा आजचा असला तरी लोकांच्या मनातला खेळ बहुतेकदा 1993 चाच असतो.

दुखापतीचंही सांगितलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लढतींनंतरच्या दहा वर्षांच्या तपासण्यांचा अभ्यास केला. जखमा, खरचटणं, सूज एमएमएत जास्त निघाली, पण शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सिंगमध्ये जास्त होतं, 7.1 टक्के, एमएमएत 4.2. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला दहा आकडे मोजेपर्यंत उठायची मुभा असते आणि मग पुन्हा मार खायचा. एमएमएत आकडे मोजत नाहीत. तरी 4.2 म्हणजे शून्य नव्हे, हेही मीच म्हणाले.

काकूंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “तिच्या डोक्याला लागलं, आणि ती मात्र खेळते म्हणाली, तर थांबवणार कोण?”

“मी,” असं मी म्हटलं खरं, पण घरी गेल्यावर झोप लागेना. कधी थांबवणार? कशावरून? त्या क्षणी सुचेल यावर सोडायचं का? 2009 मध्ये जॉर्ज सेंट-पिएरविरुद्ध चौथ्या राउंडनंतर यूएफसी चॅम्पियन बी. जे. पेनच्या कोपऱ्यानेच लढत थांबवली होती. पेनसारख्या खेळाडूसाठी ते होऊ शकतं, तर माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी न होण्याचं कारण काय? दुसऱ्या दिवशी मी कागदावर लिहून काढलं. पडून उठल्यावर पाय डगमगत असतील तर. दोन राउंडच्या मध्ये स्टुलावर विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर. किंवा सबंध मिनिटभर ती फक्त मार खात असेल आणि एकही उत्तर देत नसेल तर. तिघींनी तो कागद वाचला. पोरीने सही करताना म्हटलं, “ताई, याची गरज पडणार नाही.”

वजनाचं फार सांगत नाही, कारण ते सरळ झालं. आमचं वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होणार होतं, पाणी परत भरायला वेळच नाही, म्हणून पाणी काढून वजन उतरवायचं नाही हे पक्कं होतं. डिसेंबर 2015 मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या लढतीआधी वजन उतरवताना यांग जियान बिंग हा तरुण गेला आणि त्या संस्थेने शरीरातलं पाणी काढून वजन घटवण्यावर बंदी आणली. एवढं झाल्यावरही कुणी प्रशिक्षक मुलांना प्लास्टिकचे कपडे घालून पळवत असेल तर त्याने प्रशिक्षण सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी तयारी पावलांची होती. उजव्या हाताची खेळाडू आणि डावखुरी समोरासमोर आल्या की दोघींचे पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पाय बाहेर, त्याचा मागचा हात सरळ लागतो. म्हणून रोज वीस मिनिटं फक्त पाय बाहेर ठेवायचा सराव, ठोसा नाही, फेक नाही. पुढच्या हाताने तिचा पुढचा हात दाबायचा, उजवा सरळ मारायचा, ती मागे जाईल, जाळीला लागेल, मग काखेतून हात घालून बाहेरून पायात पाय. डोकं मात्र मधल्या रेषेवरून हलवायचं. हे शेवटचं तिला जमत नव्हतं. आमच्याकडे खरा डावखुरा जोडीदार एकच, तोही शेवटचे दोन आठवडेच मिळाला. बाकी दिवस उजव्या हाताची मुलं डावखुरी असल्यासारखी उभी राहत होती, आणि त्यांच्या डाव्या हातात तो जीव नव्हता. मला ते दिसत होतं. चालून जाईल असं मी स्वतःला सांगितलं, ही माझी चूक.

लढतीच्या दिवशी पहिला राउंड अगदी कागदावर काढल्यासारखा झाला. उजवा सरळ, जाळी, पायात पाय, आणि माझी मुलगी वर. दोन मिनिटं तिने वरून सोडलं नाही. मी ओरडले ते फक्त दोन शब्द, “श्वास” आणि “कोपऱ्याकडे”. कोपऱ्यातून जास्त बोललेलं आत पोचत नाही.

दुसऱ्या राउंडला समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकाने तिला बदललं. ती मागे गेलीच नाही. अर्धं पाऊल बाजूला व्हायची, आमची आत येईपर्यंत थांबायची आणि डावा सरळ सोडायची. तेच डोकं, तीच रेषा. एक लागला, दुसरा लागला, तिसऱ्याला माझी मुलगी खाली बसली. उठली. रेफ्री जवळ आला, तिने हात वर घेतले, परत लढायला लागली, पकड मारून तग धरली. घंटा झाली.

स्टुलावर साठ सेकंद. पाणी, मानेवर बर्फ. मी डोळ्यात बघून विचारलं, “कुठला राउंड संपला?”

“पहिला.” मग थोडं थांबून, “मी तिला पाडलं ना, ताई?”

मी रेफ्रीकडे वळून हात आडवा हलवला. तिला कळायला दोन क्षण लागले आणि मग ती ओरडली, “मी ठीक आहे, मी ठीक आहे.” प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मागून कुणीतरी म्हणालं, प्रशिक्षकच घाबरली. एक ओळखीचे प्रशिक्षक नंतर भेटले, ते म्हणाले, “राउंड एक-एक होते, शेवटचा तीनच मिनिटांचा, काढला असता तिने.” काढलाही असता कदाचित. बाहेरचे लोक म्हणतात हा खेळ माणसं मरेपर्यंत मारतात असा आहे, आणि खेळावर प्रेम करणारे, थांबवलं की हुर्यो करतात. दोघांनाही थांबणं हा या खेळाचाच भाग वाटत नाही, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी तपासलं, मेंदूला हादरा बसल्याचं सांगितलं आणि 60 दिवस लढत बंद केली. काकू तपासणीच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. “थांबवलंत,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. पोर आठ दिवस माझा फोन उचलत नव्हती. पुढे आधी नुसतं चालणं, मग हलकं पळणं, मग दोरीउड्या, असं एकेक पाऊल डॉक्टरांना विचारून. मध्ये एकदा डोकं दुखलं तर एक पायरी मागे. स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, लेखी परवानगी मिळाली ती दहाव्या आठवड्यात.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा लढत एकत्र बघितली, आवाज बंद करून. दुसऱ्या राउंडच्या पहिल्या ठोशाआधी तिनेच व्हिडिओ थांबवला. “इथे माझा पाय आत राहिलाय. आणि डोकं बघा ना ताई, हललंच नाही.” तिने तोच तुकडा परत लावला. मी म्हटलं, डावखुरा जोडीदार आता वर्षभर ठेवायचा, ती जबाबदारी माझी. ती काही बोलली नाही, पण तिसऱ्यांदा लावताना तिने फोन माझ्याकडे सरकवला.

गेल्या आठवड्यात नवा निरोप आलाय. चार ओळींचाच. मी तो तिला जसाच्या तसा पाठवला. अर्ध्या तासाने तिचा उलटा प्रश्न आला, “हरलेल्या लढतीचा व्हिडिओ मिळेल का?” तो अजून मिळालेला नाही, आणि मॅचमेकरला मी अजून काही कळवलेलं नाही.