सरळच वाटत होतं

दुपारी अनूचा फोन, विमान उडवायला शिकते तिथून. शेंगाचटणी पोचली, मैत्रिणींनी फस्त पण केली. मग ठेवता ठेवता म्हणाली, "आई, आज सरांनी डोळे मिटायला लावले नि विमान स्वतः फिरवलं. म्हणाले, कसे चाललोय आपण? मी म्हटलं, सरळ. उघडले तर डावा पंख पार खाली आणि नाक जमिनीकडं!" हसत होती. मीही हसले. तेव्हापासून तेवढंच डोक्यात आहे.

हे म्हणाले, वाचत बसू नकोस, झोप. यांचं बरंय. कर्जाच्या कागदावर सही करतानाही मला कुणी... जाऊ दे.

१६ जुलै १९९९. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते त्या केनेडींचा मुलगा जॉन, वय ३८, बायकोला आणि मेव्हणीला घेऊन स्वतःचं छोटं पायपर विमान उडवत न्यू जर्सीहून निघाला. रात्र, हवा धुरकट, खाली समुद्र, क्षितिज दिसत नाही. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ विमान पाण्यात पडलं. तिघंही गेले. चौकशीत इंजिनात, यंत्रांत दोष सापडला नाही. अंधारात उतरताना त्याला दिशेचं भान राहिलं नाही, हेच कारण. नुसत्या यंत्रांवर नजर ठेवून उडवण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. एखादा स्क्रू ढिला निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. स्क्रू आवळता येतो.

सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात अनू डोळे गच्च मिटून ओरडायची, "आई, खाली चाललो!" बरोबर ओळखायची. वर काही झालं तर पोटात गोळा येईल, तिला कळेल, याच भरवशावर मी आजवर होते. तसं नसतं म्हणे. वळण एकसारखं चालू राहिलं की वीसेक सेकंदांत कानाच्या आतलं पाणी स्थिरावतं आणि शरीर सांगतं, सरळ चाललंय. मग विमान खरंच सरळ केलं तर उलट्या बाजूला वळल्यासारखं वाटतं. माणूस पुन्हा त्याच वळणात शिरतो. उंची घटते म्हणून नाक वर ओढतो, तर गिरकी आणखी आवळते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात नुसत्या यंत्रांवर उडवण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसू न देता, विमान उडवायला लावलं. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत.

आणि तोवर त्यांना सरळच वाटत असणार. भीतीसुद्धा वाटली नसेल. माझी पोर घाबरणारसुद्धा नाही, हे मला सहन होत नाहीये.

पण तिला फसवलं ते भर दिवसा, शेजारी बसून, दुसरा दांडा स्वतःच्या हातात ठेवून. डोळे उघडल्यावर समोर यंत्रांचे काटे होते. दुपारी मला त्या सरांचा रागच आला होता. आता वाटतं, पुन्हा फसवा तिला. कंटाळेपर्यंत फसवा.

उद्या फोन आला की एवढंच विचारायचंय, डोळे उघडल्यावर विमान सरळ कुणी केलं, सरांनी की तू?