लिअरचे दोन मृत्यू

शेक्सपिअरकालीन नाटकांच्या मुद्रित पाठांचा अभ्यास करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत; तरीही पाठभेद रंगमंचावर काय घडवू शकतो, हे पदव्युत्तर वर्गातील एका तासाने मला जितके दाखवले तितके क्वचितच कशाने दाखवले असेल.

त्या दिवशी मी ‘किंग लिअर’च्या शेवटच्या प्रवेशाच्या छायाप्रती वाटल्या होत्या : एक १६०८ च्या क्वार्टोतील (म्हणजे या एकाच नाटकाच्या लहान आकाराच्या छापील पुस्तकातील) आणि दुसरी, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये निघालेल्या फोलिओतील (म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहातील). क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत आणि फोलिओतल्या सुमारे १०० क्वार्टोत नाहीत. अठराव्या शतकातील संपादकांनी दोन्हींची एकच संहिता केली आणि क्रमिक पुस्तकांत बहुधा तीच चालत आली.

मी विद्यार्थ्यांना प्रवेश उभा करायला सांगितला. क्वार्टोत राजा लिअर आपली मुलगी कॉर्डेलिया हिच्या मृतदेहाजवळ कण्हतो (तो ‘ओ’ चार वेळा छापलेला आहे) आणि आपल्या काळजाला फुटून जाण्याची विनवणी स्वतःच करतो. म्हणजे मरण तो मागून घेतो. फोलिओत ते कण्हणे नाही. तिथे तो तिच्या ओठांकडे पाहा, असे सांगत प्राण सोडतो आणि काळजाची ती ओळ त्याचा निष्ठावान सरदार केंट याच्या तोंडी जाते. केंट झालेला विद्यार्थी पहिल्या वेळी नुसता बाजूला उभा होता, दुसऱ्या वेळी ती ओळ म्हणताना त्याचा कंठ दाटून आला, आणि मग त्याने विचारले, “सर, केंट हे कुणाच्या काळजाला सांगतो आहे? लिअरच्या, की स्वतःच्या?” एकत्रित संहितेतही ही ओळ सहसा केंटकडेच असते, परंतु ती आधी लिअरची होती हे पाहिल्यावाचून त्या प्रश्नाला अशी धार येत नाही.

हे बदल कवीचे की नाटकमंडळीचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला ते कवीचेच वाटतात, आणि म्हणूनच १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने दोन्ही पाठ स्वतंत्रपणे छापले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

तास संपल्यावर तो विद्यार्थी थांबला. नाटकातले अखेरचे भाषण क्वार्टोत लिअरचा जावई अल्बनी याचे आणि फोलिओत तरुण सरदारपुत्र एडगर याचे आहे, हे त्याने स्वतःच हेरले होते, आणि प्रबंधिकेसाठी त्याला हाच विषय हवा होता. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत आणि आधी छापलेले कागदही तसेच बांधले जात, त्यामुळे क्वार्टोच्या उरलेल्या १२ प्रतीदेखील एकसारख्या नाहीत, हे सांगून मी त्याला तिथूनच सुरुवात करायला लावली.