शेपू पाठ सोडत नाही

माणसं घर सोडतात ती नोकरीसाठी, शिक्षणासाठी, नाहीतर लग्न होऊन. मीही नोकरीसाठीच पोलंडला आले. पण विमानात बसताना मनात एक चोरटा आनंद होता : शेपू सुटला.

कसला सुटतोय! व्रोत्सवाफमधल्या पहिल्याच उन्हाळ्यात कँटीनमध्ये उकडलेले नवे बटाटे समोर आले. लोण्यात घोळवलेले, वाफाळते, सोबत विरजलेल्या दुधाचा गार पेला. आणि बटाट्यांवर काहीतरी हिरवं, बारीक चिरलेलं. वास नाकात शिरला आणि कळलं. पुढे सूपवर तेच, माशावर तेच, आंबट सायीतल्या काकडीच्या कोशिंबिरीतही तेच. आपण कोथिंबीर भुरभुरवतो तितक्या सढळ हाताने हे लोक शेपू भुरभुरवतात.

आमच्याकडे शेपू ही शिक्षा होती. सुट्टीत कोल्हापूरला आत्याकडे गेलं की मुगाची डाळ आणि लसणाची फोडणी घातलेली ती भाजी ताटात पडायचीच, आणि ताटात टाकायचं नाही हा आत्याचा कायदा. मी पाण्याबरोबर घास गिळायचे. पण शेपू नुसता गिळून भागत नाही, संध्याकाळपर्यंत ढेकरांतून हजेरी लावतो. आतेभावाने एकदा अख्खी भाजी रुमालात गुंडाळून चड्डीच्या खिशात कोंबली. दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर आत्याच्या हाती तो हिरवा गोळा लागला. त्या रात्री पुन्हा शेपूच होता. 'सवयीने आवडायला लागतो' असं म्हणणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. 1945 नंतर सीमा सरकल्या, ल्विव सोव्हिएत युक्रेनात गेलं आणि तिथले कितीतरी पोलिश लोक जर्मनांनी सोडलेल्या या शहरात आले, त्यात आजींचे आईवडील. चौथ्या मजल्यावरची शिक्षिका त्याच ल्विवहून 2022 मध्ये आली. म्हटलं तर दोघी एकाच गावच्या. पण बिटाच्या सुपावरून जिन्यात रोज जुंपते. आजींचा नाताळच्या आदल्या संध्याकाळचा बार्श्च नितळ लाल. आठवडाभर लसूण घालून मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या बिटाचा, आत सुक्या अळंब्यांचं सारण भरलेले कानाएवढे उंडे. वरच्या मजल्यावरचा बोर्श्च मात्र चमचा उभा राहील इतका दाट. कोबी, बटाटा, घेवडा, वर आंबट सायीचा गोळा. युक्रेनी बोर्श्च करण्याच्या परंपरेला युनेस्कोने 2022 मध्ये तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घातलं, हे शिक्षिकेने अभिमानाने सांगितलं. आजी म्हणाल्या, ''त्यांनी माझा कुठे चाखलाय?''

शेपूबद्दल मात्र दोघींचं एकमत. ऑगस्टमध्ये बाजारात त्याच्या जुड्या येतात. कोवळ्या नव्हे, जून दांड्याच्या, वर छत्रीसारखी फुलं. सोबत हॉर्सरॅडिशचं लांबट पान आणि लसणाचा गड्डा. बरणीत तळाशी हे, वर बोटभर लांबीच्या खरबरीत काकड्या उभ्या रचायच्या, लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर मीठ. शिक्षिका काळ्या करंटची पानंही घालते, आजी नाक मुरडतात. व्हिनेगरचं नाव काढलं की मात्र दोघीही मुरडतात. तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होतं आणि काकडी अर्धी आंबट, पण अजून कुरकुरीत. ती मी उभ्या उभ्या खाते. तिला शेपूचा वास येतो की नाही, हे मी मुद्दाम तपासलेलं नाही.

आत्याचं घर वळिवड्यापासून फार लांब नव्हतं. 1943 ते 1948 तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सैबेरियातून इराणमार्गे आलेल्या बायका आणि मुलं; बरीचशी त्या पूर्वेकडच्या मुलखातली, जो आज युक्रेन नाहीतर बेलारूस आहे. कोल्हापूरच्या मंडईत शेपूच्या जुड्या बघून त्या बायकांचा जीव भांड्यात पडला असेल, असं मला उगाचच वाटतं. हे आत्याला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तिने आणखी एक डाव वाढला असता म्हणा.

यंदा बरण्या भरताना मी शिक्षिकेला विचारलं, एवढ्या कशाला, आईला पाठवणार का? ती हसली. आई ल्विव सोडायला तयार नाही आणि काकड्या तीच इकडे पाठवते. वीज जाते तेव्हा फ्रिजमधलं सगळं टाकावं लागतं, बरण्यांचं काही बिघडत नाही. त्या तळघरात असतात. आता तिथे एक खुर्ची, पांघरूण आणि टॉर्चही ठेवलाय. सायरन वाजला की आई खाली जाते, बसल्या बसल्या एखादी बरणी उघडते आणि फोन लागला की सांगते, यंदा मीठ जास्त झालंय.