सहाशे वीस मिलिलिटर

इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांच्या बाजूने वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे लढवणारी सॉलिसिटर म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे. इथे असा दावा डॉक्टरवर व्यक्तिशः नव्हे, तर रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टवर होतो आणि भरपाई सरकारी आरोग्यसेवेची (एनएचएस) ‘एनएचएस रिझोल्यूशन’ ही संस्था सांभाळत असलेल्या सामाईक योजनेतून दिली जाते. तरीही ज्या डॉक्टरकडे बोट दाखवले जाते, त्याची झोप उडायची ती उडतेच.

ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे, त्यातल्या रुग्ण बाई चाळिशीच्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कंबरेच्या मणक्यातील चकती सरकून खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला होता. अशा दुखण्यात बैठकीचा भाग बधिर होतो, लघवी तुंबते आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला, तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्री अडीच वाजता तपासणाऱ्या रजिस्ट्रारने (म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञाच्या, कन्सल्टंटच्या हाताखालच्या डॉक्टरने) ‘संवेदना ठीक, एमआरआय सकाळी’ असे लिहिले होते. शस्त्रक्रिया संध्याकाळी झाली. ताबा परत आला नाही.

१९५७ च्या बोलम निकालानुसार जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य होईल असे उपचार झाले असतील, तर निष्काळजीपणा ठरत नाही. ते मत तर्काला धरून असले पाहिजे, ही अट १९९७ च्या बोलिथो निकालाने स्पष्ट केली. आमच्या न्यूरोसर्जन तज्ज्ञांनी रजिस्ट्रारच्या नोंदीवरून सकाळपर्यंत थांबणे समर्थनीय ठरवले होते. बचाव उभा राहत होता.

बॅरिस्टरबरोबरच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी केसपेपर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. स्कॅन करताना आडवे पडलेले एक पान वळवून पाहिले, तर तो परिचारिकेने भरलेला लघवीच्या मोजमापाचा तक्ता निघाला. रात्री एक पन्नास : लघवी होऊन गेल्यावरही मूत्राशयात ६२० मिलिलिटर. पुढे सही होती आणि ‘डॉक्टरांना कळवले’ हा रकाना कोरा होता. माझ्या पोटात गोळा आला, कारण हेच पान मी आधी दोनदा न वळवता पुढे सारले होते.

ते पान मी त्याच रात्री सर्वांना पाठवले. बैठकीत रजिस्ट्रार, ज्या आता कन्सल्टंट आहेत, तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. ‘आठवत नाही’ असे म्हणायला त्यांना पूर्ण वाव होता. त्या म्हणाल्या, “हा पलंगाच्या पायथ्याशी लावलेला असणार. मी तो पाहिला नाही. पाहिला असता, तर एमआरआय रात्रीच मागितला असता.” तज्ज्ञांनीही आपले मत बदलले : एवढी लघवी मागे राहत असताना थांबणे कोणालाच समर्थनीय वाटले नसते आणि बाईंना त्या वेळी थोडी तरी लघवी होत होती, म्हणजे रात्रीच शस्त्रक्रिया झाली असती, तर ताबा टिकण्याची शक्यताच अधिक होती.

दायित्व मान्य करावे आणि माफी मागावी, असा सल्ला मी त्याच दिवशी लिहून पाठवला. पक्षकाराचे हित जपणे म्हणजे टिकणार नाही अशा बचावावर त्या बाईंची आणखी दोन वर्षे खर्च करणे नव्हे, असे मी त्यात स्पष्टपणे मांडले आणि ते मान्य झाले.

माफीपत्र ट्रस्टच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या सहीने जायचे होते. मसुदा पाहिल्यावर त्या डॉक्टरांनी स्वतःच्या नावाने एक वाक्य घालायची विनंती केली : ‘तुमचा तक्ता तिथेच होता आणि तो मी वाचला नाही.’ मी ते एका शब्दाचाही फरक न करता पत्रात घातले.