सामान राखायला कोणीतरी हवं

इंदूरहून निघताना गाडीच्या टपावर तंबू बांधला, तेव्हा आई म्हणाली, "लष्करला जाऊन तंबूत राहणार? अर्धं गणगोत आहे की तिथे!" पण खरं तर आम्ही रीतीला धरूनच वागत होतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली, ती उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांत गणपती बसू लागले, गावाचं नाव मात्र लष्करच राहिलं. आईचे पूर्वज त्या छावणीतले कारकून. म्हणजे कॅम्पिंग आमच्या घराण्यात जुनंच. फक्त तेव्हा तंबू ठोकल्यावर लोक निघायचं विसरायचे.

आमचा तंबू तिघरा तलावाजवळ, मामाच्या ओळखीच्या शेतात लागला. सकाळी किल्ला बघायचा ठरला होता. पण चौघांतल्या एकाची पाठ धरली, एकीला तलावावर पक्षी दिसले, आणि आमचे हे तंबूच्या दारात पाय पसरून म्हणाले, "तू जाऊन ये. सामान राखायला कोणीतरी हवं ना." सामान म्हणजे स्टोव्ह, दोन पातेली आणि एक गळका कॅन.

रुसूनच निघाले. लष्करात गरम बेढई आणि जिलबी पोटात गेली तसा रुसवाही गेला. (चौघांत असते तर जिलबी मोजून खाल्ली असती.)

किल्ल्यावर उरवाईच्या बाजूने थेट गाडी जाते. मी ती ग्वाल्हेर दरवाज्याशी खाली लावली आणि पायी चढू लागले, कारण "ऊन लागेल" म्हणणारं कोणी नव्हतं. म्हणून तर वाटेतलं चतुर्भुजाचं देऊळ दिसलं. एकाच खडकात कोरलेलं, इतकं लहान की चढणीच्या घाईत ओलांडून जावं. आत शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. देवाच्या फुलबागेची मापं त्यात दिली आहेत: २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, फक्त जरा खुजं, आपल्या शेजाऱ्यांपेक्षा लहान. शून्य म्हटलं की लोकांना आकाश आठवतं. इथे ते फुलांच्या हिशोबात होतं. कारकुनाच्या पणतीला ते आवडणारच. पंधरा मिनिटं नुसती उभी होते. पहारेकऱ्याला काळजी वाटली असावी. "मैडम, अकेली हैं? साथवाले कहाँ हैं?"

"तंबू में."

तो जरा मागे सरकला.

वर मानसिंह तोमराच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशीकामात काढलेली बदकांची रांग पाहिली. तो निळा रंग पाचशे वर्षं उन्हात तापून असा राहतो, आणि माझी साडी दोन धुण्यांत फिकी पडते. तेली का मंदिर लांबून पाहिलं. पाय बोलू लागले होते. उतरताना तानसेनाच्या मकबऱ्यापाशी थांबले. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणतात. दोन पानं चघळली आणि गाडीच्या काचा वर करून तिघऱ्यापर्यंत मोठ्याने गात गेले. सुधारणा जाणवली नाही, पण तक्रार करायलाही कोणी नव्हतं.

तंबूपाशी पोचले तर खिचडी करपली होती आणि कॅन रिकामा झाला होता.

"काय काय बघितलंस?" ह्यांनी विचारलं.

"शून्य."

"तरी मी म्हणत होतो," पातेलं खरवडत हे म्हणाले, "उद्या सगळेच गाडीने जाऊ."